पट्ट्याखालचं पानी

प्रेरणा, आपन दोघी जिवाच्या मैत्रिनी, तं तू आधी नुसती ऐक. मधात बोलू नको, मंग काय म्हनाचं ते म्हन.

तुले मालूम आहे ना, मी लोहाऱ्याले पुंडलिकरावच्या हापिसात जातो ते? आधी त्याईची जिनिंग होती तिथं. पन कापसाचा भाव असा पडला का लोकाईनं इकलाच नाही, घरातच कोंबला. आमच्या घरी तं बाजेवर कापूस अन् आमी खाली. जिनिंगले माल कुठून येईन? मशिनी बंद. मंग पुंडलिकरावनं हे पट्ट्याचं काम घेतलं. जामिनावर सुटलेल्या मानसाच्या पायात पट्टा बांधाचा, तो कुठं जाते ते कॉम्प्युटरवर पाहाचं, गडबड केली का पोलिसाले रिपोर्ट. सरकारनं परवाना देल्ला, संगं नियमाचं जाड पुस्तक. आमी सहा जनं. पट्टे बांधाले मीच जातो.

तं दारव्ह्याचा कलीम. जिपा दुरुस्त करते. कापूस खरेदीच्या रांगीत भांडन झालं, एकाचं डोकं फुटलं, हा म्हने सोडवाले गेलता. खरं-खोटं कोर्ट पाहीन. चार महिने जेलात होता, मंग पट्टा लावून जामीन भेटला. बायको शहनाज सात महिन्याची पोटुशी. मी पट्टा बांधला तं त्यानं इचारलं, "ताई, याच्या खालून पानी गेलं पाह्यजे. चालते ना?"

मले वाटलं आंघोळीचं इचारून राह्यला. म्हनलं, "बिनधास्त. पान्यानं काही होत नाही." अन् फारमावर 'समजावून सांगितलं' तिथं टिक मारून मोकळी.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा अलार्म. रोज पाच डाव. कॉम्प्युटर म्हने, मानूस पट्टा काढाले पाहून राह्यला. आता नियम काय आहे, पह्यला अलार्म आला का एका दिवसात आपल्या मानसानं घरी जाऊन डोळ्यानं पाहाचं, मंगच रिपोर्ट. पन मी तव्हा पुसदले दोन पट्टे बांधाले गेलती. खेमसिंग कॉम्प्युटरवर बसते, त्यानं मले फोन केला, मी म्हनलं उद्या जातो, अन् ते उद्या काही आलंच नाही बाप्पा. आठ दिवसात चाळीस अलार्म झाले अन् खेमसिंगनं रिपोर्ट धाडून देल्ला. शुक्रवारी कोर्टात जामीन रद्द होनार, असं कानावर आलं.

तव्हा कुठं मी अलार्मच्या येळा काढून पाह्यल्या. संध्याकाळचा अलार्म रोज थोडा थोडा पुढं सरकून राह्यलता, दिवस बुडे तसा. पाच डाव, अन् नमाजच्या येळेले! तशीच जीप धरली अन् दारव्हा.

दुपारची येळ. कलीम नळापाशी बसून पाय धुवून राह्यलता. त्यानं पट्ट्याखाली बोट घातलं, पट्टा गरकन फिरवला, खाली पानी सोडलं. झालं. तोच तो अलार्म. शहनाजनं मले खुर्ची देल्ली अन् म्हनली, नमाजच्या आधी तोंड-हात-पाय धुवून वजू करावं लागते, घोट्याजवळ बोटभर जरी कोरडं राह्यलं तं वजू होत नाही. मंग हळूच म्हनते, "तुमीच तं चालते म्हनल्या होत्या ना, ताई."

कलीम पाय पुसत पुसत इचारते, "परत नेतीन काय मले?" चहा घेता काय इचारावं तसं.

दुसऱ्या दिवशी हापिसात गेली तं नागपूरहून सरकारी तपासनीवाल्या म्याडम येनार. पुंडलिकरावनं घरभेटीचं रजिस्टर भरून ठेवलं होतं. पह्यल्या अलार्मचीच तारीख, 'घरी जाऊन पाह्यलं, पट्टा ढिला केलेला दिसला.' फक्त माही सही बाकी. मी वजूचं सगळं सांगतलं. ते आयकून डोकं धरून बसले. आता तुले सांगतो, मानूस वाईट नाही. माह्या बाबाले झटका आला तव्हा ह्याईनंच आपल्या गाडीत नागपूरले नेलतं. म्हनते, "सही कर पोरी. परवाना गेला तं सहा घरं बसतीन. कलीमले आपन चांगला वकील पाहू."

सही केली तं रिपोर्ट पक्का, कलीम जेलात, अन् शहनाजचं लेकरू बाप जेलात असताना होनार. नाही केली तं रिपोर्ट खोटा, पन परवाना बंद. अन् चूक कोनाची? माही.

म्याडम आल्या, रजिस्टर पाह्यलं अन् माह्याकडं फिरवलं. "ही भेट तुम्ही दिलीत?"

पुंडलिकराव खिडकीबाहेर पाहून राह्यलते.

म्हनलं, "नाही म्याडम. त्या दिवशी कोनीच गेलं नाही. अन् पान्याचं चालते म्हनून मीच सांगतलं होतं." मंग तेच लिहून देल्लं, खाली सही केली.

म्याडमनं रिपोर्ट मागं घ्याले लावला. कलीम घरीच आहे, दुसऱ्या कंपनीवाल्यानं त्याले वजू करता येईन असा पट्टा बांधला म्हने. आमचा परवाना सहा महिने बंद. खेमसिंग रस्त्यात दिसला तं तोंड फिरवते, त्याची पोरगी यंदा बारावीले आहे. अन् काल पुंडलिकराव घरी आलते, बाबाची तब्येत इचाराले. चहा घेतला, आईसंगं बोलले. माह्याकडं पाह्यलंसुदिक नाही.

म्हनून मी रातभर इचार करून राह्यली. तू खरं सांग प्रेरणा, रजिस्टर तुह्या समोर असतं, तं तू काय केलं असतं?