सही होईपर्यंत

"हे तूच लिहिलंयस ना?" साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि सुधारता येणारं सॉफ्टवेअर होतं, त्यातला हा कोड तिचाच. तिच्या ताईला दिसत नसे. जोडाक्षर आलं की ते सॉफ्टवेअर अडखळायचं, शब्दाची पार वाट लावायचं. ताई वैतागायची, म्हणून हा खटाटोप.

"घरी लिहिलाय, साहेब. सुट्टीत. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर."

"करार वाचलास? नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं. आमची वस्तू तू परस्पर वाटून टाकलीस. नोकरी नकोशी झालीय का?"

जिन्यात येऊन तिने संस्थेतल्या बाईंना फोन लावला. ते सॉफ्टवेअर त्यांचीच संस्था सांभाळत असे.

"मी कोड पाठवला तेव्हाच तो तुमचा झाला ना?"

"नाही गं. नुसता पाठवल्याने मालकी बदलत नाही. हस्तांतराच्या कागदावर तू सही केलीस, की मग हक्क आमच्याकडे येतो. तुझा कागद आलेलाच नाही. त्याआधीच कोड वापरात घेतला, ती आमची घाई."

"मग आत्ता करते सही."

"त्यात 'हा कोड माझाच आहे' असंही लिहून द्यावं लागतं. कंपनीकडून लिहून आणशील का, आमचा यावर हक्क नाही म्हणून?"

ती पुन्हा साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "आणि वरच्यांनी विचारलं तर? तुझ्यापायी मी कशाला अडकू?"

घरी आल्यावर हस्तांतराचा कागद समोर ठेवून तिने पेन उचललं. 'माझाच' या शब्दापाशी हात थांबला. उद्या दावा खरा ठरला, तर तिच्यासोबत संस्थाही कोर्टात खेचली जाणार. तिने पुन्हा फोन केला.

"बाई, माझा भाग काढून टाका."

"बरं," बाई म्हणाल्या.

आठवड्याभरात सॉफ्टवेअर बदललं. ताई कादंबरी ऐकत बसली होती.

"अगं, याला काय झालं? पुन्हा धड शब्द निघेना तोंडातून."

तिने सगळं सांगितलं.

"आणि तुझी नोकरी?"

"उद्या परत बोलावलंय. वरचे येणार आहेत म्हणे."

ताईने कानावरचे हेडफोन काढून बाजूला ठेवले. "स्क्रीनवर दिसतंय ना तुला? मग पुढचं तूच वाच."

ती वाचू लागली. मध्येमध्ये अडखळत होती. ताईने एकदाही टोकलं नाही.