वाटणीतली चाके

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता शाळेतल्या चौथीच्या वर्गात लावलेला मोठा दिवा लपलपू लागला. टेबलावर झोपवलेल्या म्हातारीच्या डोळ्याशी नेलेला हात डॉक्टरांनी मागे घेतला. शस्त्र ताटलीत ठेवून ते म्हणाले, "या उजेडात मी कोणाच्याही डोळ्याला हात लावणार नाही."

तो दिवा लपलपवणारा मी. मित्रांनो, मी डिझेलवर चालणारे एक जुने इंजिन आहे. त्या टेबलावरची म्हातारी सुंदरबाई, माझ्या मालकाची आई. तिचा एक डोळा केव्हाच गेला आहे, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. डोळ्यांच्या ऑपरेशनचे पुढचे शिबिर पुढच्या वर्षी, आणि तोवर तो आत फुटला तर हाही डोळा जाईल, असे डॉक्टरांनी सर्वांसमोर सांगितले. मी भट्टीतून निघालेले लोखंड आहे, मला सहसा राग येत नाही. त्या दिवशी आला, आणि आज बुधवार उजाडला तरी तो उतरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला तेव्हा मला दोन्ही अंगांना एकेक भारी चाक दिले होते. दोन माणसांना ती उचलत नसत, चौघे लागत. का दिली होती तेही ऐका. माझ्या दोन फेऱ्यांत डिझेल एकदाच पेटते. पेटले की मी जोरात ढकलतो, आणि उरलेला वेळ चाकांत साठलेल्या जोरावर फिरतो. चाके जड असली की हा चढउतार ती पोटात घालतात. हलकी असली की मी उसळतो, मंदावतो, पुन्हा उसळतो. विहिरीवरच्या पंपाला त्याचे काही वाटत नाही, पाणी येतेच. दिव्याला मात्र सगळे कळते.

बोदवडचे व्यापारी माणकचंद यांच्या कापसाच्या गोदामात मी पहिली वर्षे काढली. तिथे मी जनरेटर फिरवी आणि गोदामात दिवे जळत. ज्योत हलावी तसा दिवा कधी हलला नाही. "इंजिन आहे की घरातली समई," असे माणकचंद पाहुण्यांना सांगत, आणि दसऱ्याला स्वतःच्या हाताने माझ्या दोन्ही चाकांवर कुंकवाची बोटे उठवत. पुढे गोदामात बोर्डाची वीज आली आणि मला तोतारामने आपल्या केळीच्या बागेत नेले. तिथेही माझे बरे चालले. तोताराम रोज तेल पाहून मगच हँडल मारी.

तोताराम गेला आणि त्याच्या दोन मुलांनी, गिरधर आणि झिपरू यांनी, वाटणी मागितली. जमीन झाली, बैल झाले, भांडी झाली. मी उरलो. तेव्हा गावचे मोठे पंच जीवराम नाना यांनी एक युक्ती काढली. धड थोरल्याला, चाके धाकट्याला. म्हणजे एकाला दुसऱ्याशिवाय पाणी काढता येणार नाही, आणि भाऊ एकमेकांना धरून राहतील. लोकांनी माना डोलावल्या. नानांच्या अकलेची वाहवा झाली. चिंचेखाली चहा झाला आणि माझी चाके ठोकून काढली गेली.

भाऊ एकमेकांना धरून राहिले नाहीत. गिरधरने बाजारातून पंपापुरती हलकी चाके आणून मला लावली. झिपरूने माझे एक चाक न्हाणीत आडवे पुरले, त्यावर धुणे आपटतात. दुसरे गोठ्याच्या भिंतीला टेकवले, त्यावर गोवऱ्या थापतात. आईचीही वाटणी झाली, एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. नानांना मात्र अजून आपली युक्ती फसली असे वाटत नाही.

यंदा माघात माणकचंदांनी आपल्या आईच्या, जतनबाईंच्या, स्मरणार्थ आमच्या गावात डोळ्यांचे शिबिर भरवले. गावाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, म्हणून त्यांनी भुसावळहून जनरेटर आणला आणि तो फिरवायला मला शाळेच्या अंगणात बसवले. "हे इंजिन मी ओळखतो, दिवा हलणार नाही," असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. माझ्या अंगावर कोणाची चाके आहेत हे त्यांनी पाहिले नाही. बाकी सगळ्यांना माहीत होते. कोणी बोलले नाही, कारण भाऊबंदकीत कोण तोंड घालणार.

दिवा लपलपला तेव्हा बोदवडचा भिकन मिस्त्री माझ्याजवळ आला. हलक्या चाकाला हात लावून त्याने गिरधरकडे पाहिले.

"भाऊ, याले जड चाकं पाह्यजेत."

"आणतो. धुळ्याले भंगारबाजार हाये."

"धुळ्याले कसाले? चाकं तर कुंपणापल्याड हायेत." झिपरूचे घर शाळेच्या कुंपणाला लागून आहे.

"त्या घरातलं मले काही नको," गिरधर म्हणाला, आणि एसटी धरायला निघून गेला.

मंगळवारी तो टेम्पोतून दोन जड चाके घेऊन आला. भिकनने पहिल्याचे भोक मापले. ते माझ्या दांड्यापेक्षा मोठे होते, आत बसवायला बुश, म्हणजे लोखंडी कडे, लेथवर करावे लागले असते, आणि गावातला लेथ वीज असल्याशिवाय फिरत नाही. दुसऱ्यावर त्याने हातोडी मारली. चांगले ओतीव चाक घंटेसारखे वाजते. हे मडक्यासारखे वाजले.

"टिचलं हाये. हे फिरवलं तर फुटून वर्गात जाईन. मग डॉक्टरले डोळे काढाचंच काम राहीन."

ऑपरेशनची वाट पाहत ओळीत बसलेली माणसे हसली. गिरधर हसला नाही. मीही नाही.

मग भिकन स्वतःच झिपरूकडे गेला. झिपरू ओट्यावर तंबाखू मळत होता.

"भाऊले सांग, चाकं हायेत," झिपरू म्हणाला. "पण बापानं देल्ली हायेत, भंगारवाल्यानं नाही. मागाले तोंड लागते. त्यानं यावं, मागावं."

"माय तुहीबी हाये ना रे."

"हा महिना मायीचा त्याच्याकडं हाये."

भिकनने हे शब्द तसेच्या तसे गिरधरला आणून दिले. गिरधर म्हणाला, "मोठा भाऊ लहान्याच्या दारी मागाले जाईन काय? गाव काय म्हणीन?"

मित्रांनो, गाव काहीच म्हणत नव्हते. गाव डोळ्यांवर हात ठेवून ओळीत बसले होते.

आज सकाळी सुंदरबाईला नातीने हाताला धरून माझ्याजवळ आणले. तिने माझ्या अंगावरून हात फिरवला. हलक्या चाकाशी तो थांबला.

"हे त्याईचं नाही," नवऱ्याचे नाव न घेता ती म्हणाली. "हे कोणाचं पातळ चाक लावलं रे?"

कुंपणापलीकडून झिपरू ऐकत होता, हे तिला कसे कळले कोण जाणे. ती तिकडे तोंड करून बोलली.

"मले महिन्या-महिन्यानं वाटून घेतलं, पण अख्खी तरी ठेवली. याचे तर हातपाय तोडले तुमी. आता मी कोणाच्या महिन्यात आंधळी होऊ, ते ठरवा."

असे बोलून ती ओळीत आपल्या जागी जाऊन बसली.

तुम्हाला शाळेत सांगतील की यंत्राला वेळेवर तेल द्यावे, गंज चढू देऊ नये. ते खरे आहे. पण गंज घासला की निघतो. जोडीने ओतलेली वस्तू वाटून घेऊ नका. आणि तशी वाटणी करणाऱ्या शहाण्याला मान डोलावू नका, कारण त्याच्या शहाणपणाचा हिशेब दुसऱ्याच कोणाला तरी द्यावा लागतो.

साडेअकराला झिपरूने पहार घेतली. न्हाणीतले चाक उकरले, गोठ्यातल्या चाकावरच्या गोवऱ्या खरवडल्या आणि शेजाऱ्यांना हाताशी घेऊन दोन्ही चाके उंबऱ्यापर्यंत घरंगळत आणली. उंबऱ्याबाहेर ढकलली नाहीत. भिकनने माझी हलकी चाके काढून ठेवली आहेत, म्हणजे आता मी पाणीही काढू शकत नाही. जड चाके बसवायला तास लागेल, असे तो म्हणतो. शिबिर आज संपते, डॉक्टर दोन वाजता निघणार आहेत; त्यांची पेटी जीपमध्ये चढली आहे, दिवा अजून वर्गात आहे.

या घडीला गिरधर झिपरूच्या ओट्याखाली उभा आहे. टोपी काढून त्याने हातात घेतली आहे. झिपरू दारात उभा आहे. दोघांपैकी कोणीही अजून तोंड उघडलेले नाही.