ओला कप

पक्षाघातानंतर अण्णांच्या हातात काही टिकत नसे. म्हणून प्लास्टिकच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या मुलीने खास कप बनवून घेतला. दोन कानांचा, हलका, पारदर्शक पॉलिएस्टर-प्लास्टिकचा. तो किती उष्णता सोसतो हे तिने स्वतः तपासलं आणि वहिनीला बजावलं, "गरम चालेल, उकळतं नको."

काही महिन्यांनी, सगळे जेवायला बसलेले असताना, वहिनीने त्यात सूप ओतलं. अण्णांनी कप उचलला आणि तो खचला. एक कान लोंबला, सूप त्यांच्या मांडीवर.

अण्णांना सावरून मुलगी वहिनीकडे वळली. "उकळतं ओतलंस ना? एवढं साधं सांगितलेलं कळत नाही?"

"निववलं होतं गं. घोट घेऊन बघितला होता."

"तुझी जीभ म्हणजे काय थर्मामीटर आहे?"

दादा हसला. वहिनी ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलीने कपाचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. नेहमीप्रमाणे भट्टीत कोरडा केला, मग यंत्रात सावकाश तापवला. मऊ पडण्याच्या तापमानाचा आकडा पूर्वीचाच आला. तिने तो लगेच दादाला पाठवला: कपात काही खोट नाही. दादाचं उत्तर आलं, "तिला दाखवतो."

भट्टी बंद करताना तिचा हात थबकला. तुकडा आपण कोरडा केला. पण घरी कप कोरडा असतो कधी? दिवसभर मोरीत, नाहीतर कोमट पाण्याच्या पातेल्यात. तिने दुसरा तुकडा न वाळवता तापवला. तो कितीतरी आधी मऊ पडला. पिता येईल इतक्या गरम सुपानेही तो वाकला असता.

प्लास्टिकमध्ये मुरलेलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या सैल करतं, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! नव्याने येणाऱ्यांना ती स्वतःच हे शिकवायची. तिचे कान तापले. समोरच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "बरं नाही का?" तिला मान वर करवेना.

संध्याकाळी ती घरी गेली. अण्णा आणि दादा स्वयंपाकघरातच बसले होते, ते बरंच झालं. वहिनी कांदा चिरत होती.

"वहिनी, चूक माझी होती. पाण्यात राहून कप कमजोर झाला. मी कोरडाच तपासला होता."

दादा खाली बघू लागला. अण्णा जड जिभेने काहीतरी पुटपुटले. "तिने सांगितलं होतं" एवढंच कळलं.

"बरं," वहिनी म्हणाली.

तेव्हा मुलीला वहिनीच्या डाव्या तळव्यावरची पट्टी दिसली. "हे काय झालं?"

"सूप. अण्णांच्या अंगावर सांडू नये म्हणून हात खाली धरला होता."

"बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

मुलीने सुरी मागितली. वहिनीने दिली नाही. मुलगी तिथेच उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना.