भिंतीला हात लावू नका

दुसरी 'ब'च्या सरिता मॅडमचा चहा त्या सकाळी हातातच गार झाला. शाळेच्या ग्रुपवर दुसरी 'अ'च्या सावनी मॅडमनी आपल्या वर्गाचे फोटो टाकले होते. भिंतभर विनाइलचे स्टिकर! हिरवंगार झाड, फांदीवर पोपट, कोपऱ्यात धबधबा आणि खाली मुळाक्षरांची आगगाडी. मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी लगेच तीन अंगठे पाठवले होते. सहा वर्षांच्या नोकरीत सरिताला त्यांचा एक अंगठाही मिळाला नव्हता.

तिच्या पोटात दुखू लागलं. सरिता वाईट नव्हती. शिकवायची जीव लावून. पण सावनीचं काही दिसलं की तिचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. सावनीच्या नव्या फ्लॅटमध्ये चहाला गेली, तिथं हॉलच्या भिंतीवर झाडाचा स्टिकर पाहिला आणि आठवड्यात तिच्याही हॉलमध्ये झाड आलं. फांदी एक जास्त, चिमण्या दोन जास्त. तिचे सासरे अप्पाराव त्या झाडाखाली पेपर वाचत बसत आणि म्हणत, "झाड झ्याक हाय, पन सावली काय पडंना."

२०१६ सालचा मार्च महिना होता. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. शहराबाहेर बायपासच्या पलीकडे मात्र बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठत होत्या. कॉलनीत टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि शाळेत पोरं अर्धी बाटली पाणी दिवसभर पुरवायची. कन्नड, वैजापूर तालुक्यांतली माणसं विहिरी आटल्या म्हणून बांधकामावर आली होती, आणि त्यांची लेकरं सरिताच्या वर्गात.

अशीच आली होती कन्नडजवळच्या पिशोर गावची दुर्पदा. आजीचं नाव ठेवलेली, बारीक चणीची, तोंडातून शब्द न काढणारी. दोन महिने ती नुसती बसून होती. मग एके दिवशी ती भिंतीकडे गेली. दुसरीच्या वर्गात जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत काळ्या ऑइलपेंटचा पट्टा होता आणि त्यात प्रत्येक मुलाचा एक चौकोन. खडू घ्यायचा, हवं ते लिहायचं, कुणी रागवायचं नाही, अशी रीत. दुर्पदानं आपल्या चौकोनात एक उभी रेघ काढली. दुसऱ्या दिवशी 'द'. पंधरवड्यात 'दगड', 'दप्तर' आणि 'पाणी'. सरितानं तिला पोटाशी धरलं होतं.

सावनीच्या फोटोंपाठोपाठ शाळेत 'सुंदर वर्ग' स्पर्धा जाहीर झाली. सोमवारी वर्ग बघायला समिती येणार होती.

सरिता तडक क्रांती चौकातल्या दुकानात गेली आणि सावनीच्या धबधब्यापेक्षा मोठा धबधबा घेऊन आली. सोबत मोर, हरणं, इंद्रधनुष्य. बुधवारी शाळा सुटल्यावर चिकटवायला बसली आणि पंचाईत झाली. सावनीच्या वर्गाला वरपर्यंत गुळगुळीत रंग होता, हिच्या वर्गाला चुना. मागचा कागद सोलून स्टिकर दाबला की तो चुन्याची पांढरी भुकटी घेऊन खाली यायचा. मोर दोनदा तोंडावर आपटला. सबंध वर्गात गुळगुळीत जागा एकच होती, मुलांचा काळा पट्टा.

क्षणभर तिचा हात थांबला. पण डोळ्यांपुढं ते तीन अंगठे होते. तिनं ओल्या फडक्यानं सगळे चौकोन पुसले, साबणाचं पाणी मारलं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं एकेक बुडबुडा काढत धबधबा बसवला. दुर्पदाच्या 'पाण्या'वरून तो झोकात खाली आला.

दुसऱ्या दिवशी मुलं हरखली. मोराच्या पिसाऱ्यावरून बोटं फिरवू लागली. मधल्या सुट्टीनंतर पाहते तो दुर्पदा खडू घेऊन धबधब्यापुढं उभी! आपला चौकोन शोधत होती बिचारी. तिनं चकचकीत कागदावर खडू टेकवला आणि पांढरा ओरखडा उठला.

"हात लावायचा नाही!" सरिता ओरडली. "सांगून ठेवते सगळ्यांना. समिती येईपर्यंत भिंतीजवळ कुणी जायचं नाही."

दुर्पदानं खडू फळीवर नीट ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही.

रविवारी संध्याकाळी टँकरचं पाणी भरून झाल्यावर सरिता सासऱ्यांपुढं कुरकुरत होती. पोरांना शिस्त नाही, कितीदा सांगा, हात लावल्याशिवाय राहवत नाही, एकीनं तर ओरडा खाल्ल्यापासून शाळाच सोडली. अप्पाराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. त्यांनी पेपरची घडी घातली.

"काय म्हनलीस तू तिला?"

"हात लावू नको म्हटलं, मामा. दुसरं काय म्हणणार?"

अप्पाराव म्हणाले, "मी चौथीपस्तोर उंबऱ्यापाशी बसून शिकलो. मास्तर मारका नव्हता, शिव्या देत नव्हता. पन फळा पुसायची पाळी आली की सगळ्यांचे नंबर लागायचे, माझा नाय. 'तू हात लावू नको,' एवढंच म्हनायचा. लई हळू म्हनायचा. पुढं वर्कशॉपमधी मला मुकादम केलं, फळ्यावर कामं लिहून द्यायची होती. चाळिशीचा गडी मी, हातात खडू घेतला की घाम फुटायचा."

सरिताचा चेहरा उतरला. तिला हे ठाऊक नव्हतं. ती घाईनं म्हणाली, "पण मामा, मी जातीपातीवरून नाही म्हटलं. स्टिकर खराब होईल म्हणून म्हटलं."

"व्हय, तुझं कारन येगळं हाय. पन लेकराला कारन कुठं ऐकू येतं? त्याला नुसतं 'नको' ऐकू येतं." अप्पारावांनी हॉलमधल्या झाडाकडं पाहिलं. "घरात काय लावायचं ते लाव, मी काय बोललो नाय. पन ती भित पोरांची होती, सरिता. तू ती पोरांसाठी सजवली नाय. सावनीबाईंनी बघावी म्हनून सजवलीस."

खरंच की! धबधबा लावताना तिनं एकदाही दुर्पदाचा विचार केला नव्हता. केला होता तो फक्त सावनीच्या चेहऱ्याचा, तो कसा पडेल याचा. तिला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी शाळेआधी ती बांधकामावर गेली. पत्र्याच्या खोलीबाहेर दुर्पदा हंड्यापाशी बसली होती. तिची आई विटा टाकून पुढं आली आणि ओशाळून म्हणाली, "मॅडम, ती म्हनती, माझ्या हातानं शाळेची भित खराब व्हती. म्हनून मी शाळेत जात नाय."

सरिता त्या सात-आठ वर्षांच्या पोरीपुढं उकिडवी बसली. "भिंत तू नाही गं, मी खराब केली. चल, मला ती नीट करायला मदत कर."

वर्गात आल्यावर तिनं धबधब्याचं एक टोक नखानं उचकटलं आणि दुर्पदाच्या हातात दिलं. "ओढ." पोरगी आधी बघतच राहिली. मग तिनं ओढलं. चर्रर्र आवाज झाला आणि सगळा वर्ग धावला. पाच मिनिटांत हरणं, मोर, इंद्रधनुष्य पोरांच्या हातात आलं. स्टिकरबरोबर काळा रंगही ठिकठिकाणी निघाला आणि भिंत अगदी कळकट दिसू लागली.

नेमकी तेव्हाच समिती दारात उभी राहिली. बद्रीनाथ सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. समितीतले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची तयारी झालेली दिसत नाही."

"झाली सर," सरिता म्हणाली. "मुलांना लिहायला जागा करत होतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि समिती शेजारच्या वर्गात गेली. बक्षीस अर्थातच दुसरी 'अ'ला मिळालं. सगळ्यांबरोबर सरितानंही टाळ्या वाजवल्या. पोटात दुखलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दुखलंच. इतक्या वर्षांची खोड एका दिवसात थोडीच जाते? पण ती दुखलं तरी टाळ्या वाजवत राहिली.

शाळा सुटताना सावनी प्रमाणपत्र घेऊन तिच्या वर्गात आली. पोरं पोपडे उडालेल्या भिंतीला चिकटून लिहीत होती. हातांना, नाकांना खडू लागला होता. दुर्पदानं 'धबधबा' लिहायला घेतलं होतं. दुसरा 'ध' तिला जमेना, म्हणून ती तो तळहातानं पुसून पुन्हा काढत होती. सावनी बराच वेळ बघत राहिली.

"माझी मुलं भिंतीपासून हातभर लांब बसतात गं," ती म्हणाली. "मीच बसवते." मग हळूच विचारलं, "खालचे स्टिकर काढताना रंग फार निघतो का?"

"निघतो," सरिता म्हणाली. "उद्या येते मी मदतीला."

वाचकहो, घर सजवावं, वर्गही सजवावा, त्यात वावगं काही नाही. पण चिकटवण्याआधी स्वतःला एकदा विचारावं, हे कुणासाठी? शेजारणीच्या डोळ्यांसाठी सजवलेल्या भिंतीला आपल्याच लेकरांचे हात लागलेले आपल्याला खपत नाहीत. आणि ज्या भिंतीला हात लावायला लेकरू भितं, ती कितीही देखणी असली तरी शाळेची भिंत नव्हे.