किशोरभाऊ काय म्हनते

"थांबा, पयले किशोरभाऊ काय म्हनते थे आयकू द्या," असं म्हणत पातूरच्या दुर्गाबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि सत्तारभाईंचं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

वाक्य चांगलं रंगात आलं होतं. एक हात निळ्या कूलरच्या पाठीवर, दुसरा हवेत, आवाज मधाळ. अब्दुल सत्तार हे नाव टिळक रोडवरच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांच्या दोन पिढ्यांना ठाऊक होतं. पंखा, कूलर, मिक्सर, काहीही असो, सत्तारभाईंनी एकदा "घेऊन जा, माझ्या भरवशावर" म्हटलं की सौदा झालाच. अकोल्याचा मे महिना म्हणजे त्यांचा सणच. बाहेर रस्ता तापून पांढरा व्हायचा, लोक तोंडाला दुपट्टे बांधून आत शिरायचे आणि समोर सत्तारभाई थंड पाण्याचा ग्लास घेऊन उभे.

दुर्गाबाईंच्या मोबाइलमधून ओळखीचा, जरा घोगरा आवाज आला. "निळ्या कूलरचं लय लोक इचारून राहिले. म्या आनला आहे. पन अजून चालवून पाहून राहिलो. पाहिल्याबिगर बोलनार नाई. घाई असन तर दुसरा पाहा, नाई तं थांबा."

"थांबा म्हनते ना थो," दुर्गाबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला. "मंग थांबतो बापा."

"बाई, ह्या उन्हात थांबता?" सत्तारभाई हसले, पण ते हसू त्यांचं त्यांनाच खोटं वाटलं. "अन् त्याले पैसे कायचे देता दर महिन्याले? आमी तं फुकट सांगतो."

"तुमी फुकट सांगता, म्हनूनच तं त्याले देतो," दुर्गाबाई म्हणाल्या. पाण्याचा ग्लास मात्र त्यांनी पूर्ण संपवला, आणि पदर डोक्यावर घेऊन त्या उन्हात निघून गेल्या.

दुसरा कोणी असता तर सत्तारभाईंना एवढं लागलं नसतं. पण हा किशोर होता. किशोर याच दुकानात, याच काउंटरला, त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं उभा राहिलेला. विक्रीत कायम त्यांच्या मागे. कंपनीवाले हंगाम संपला की घड्याळ, सूटचं कापड, मिठाईचे डबे वाटायचे, ते सगळे सत्तारभाईंच्या वाट्याला. किशोर हातात माल असताना गिऱ्हाइकाला सांगायचा, "काकू, हा नका घेऊ, याची मोटर लौकर जळते." गिऱ्हाईक निघून जायचं आणि मालक देवराव कपाळाला हात लावायचे. शेवटी त्यांनी किशोरला काढलं. त्या दिवशी सत्तारभाईंनीच त्याला चहा पाजला होता, पाठीवर हात ठेवला होता. मनातून त्यांना वाईट वाटलंही होतं. हरलेल्या माणसाबद्दल वाईट वाटणं सोपं असतं.

आता तोच किशोर घरी बसून वस्तू विकत आणत होता, वापरून पाहत होता आणि मोबाइलवरच्या ग्रूपमध्ये वऱ्हाडीत सांगत होता. कंपनीचा पैसा घ्यायचा नाही, दुकानाचा घ्यायचा नाही. सभासदांच्या वर्गणीवरच सगळं. पातूर, हिवरखेड, थेट भातकुलीपर्यंत त्याचं ऐकणारे लोक होते. सत्तारभाईंच्या समोर उभं राहून लोक त्याचा आवाज ऐकत, आणि तोपर्यंत सत्तारभाईंना गप्प राहावं लागे.

बैदपुऱ्यातल्या घरी जेवताना त्यांनी विषय काढला. "लोकायले अक्कल नाई. सांगन्याचे पैसे देऊन राहिले! उद्या पानी पिऊ का नको, थे बी त्यालेच इचारतीन."

त्यांच्या बायकोने, बिस्मिल्लाबींनी, भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "गजाला बी भरते त्याची वर्गनी."

सत्तारभाईंचा घास हातातच राहिला. गजाला त्यांची एकुलती एक मुलगी, अमरावतीला वलगाव रोडवर दिलेली. तिच्या घरातला पंखा, इस्त्री, फ्रिज, सगळं बापाने निवडून पाठवलेलं.

"तिले कायले पायजे? बाप मेला का तिचा?"

"तोबा! असं काहून बोलता जी? म्या इचारलं होतं तिले. म्हने, अब्बाले इचारलं तं अब्बा दुकानात जे आहे थेच सांगतीन."

सत्तारभाई उठले आणि हात धुतले. त्यानंतर किती तरी दिवस ते वाक्य त्यांच्या अंगात काट्यासारखं फिरत राहिलं. लोकांचं ठीक होतं, ती परकी. पण पोरगी? दुपारी दुकान रिकामं असलं की ते चोरून किशोरचा आवाज ऐकत. शब्द अडकणारा, मध्येच खोकणारा तो माणूस. ना ढब, ना गोडवा. याच्यात असं काय आहे? ते पुन्हा ऐकत. गिऱ्हाइकाशी बोलताना आपण किशोरसारखं थांबून थांबून बोलतोय, हे एकदा त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

निळ्या कूलरचा साठा गोदामात पडून होता. देवरावांनी तो नव्या कंपनीकडून एकदम उचलला होता. एका सकाळी त्यांनी सत्तारभाईंना आत बोलावलं. "सत्तारभाई, तो तुमचा दोस्त होता ना? जाऊन या त्याच्याकडे. कंपनी त्याले खूश करायले तयार आहे. दोन चांगले शब्द बोलला तं काय बिघडते?"

सत्तारभाई मोटारसायकलवरून मोठ्या उमरीला गेले. किशोर नाही म्हणेल, असं त्यांना वाटत होतं, आणि तो हो म्हणावा, असंही.

किशोरच्या टिनाच्या पडवीत तीन कूलर घरघरत होते. जमीन ओली. किशोरने हाताला रबरी मोजा घातला होता. सत्तारभाईंना पाहून त्याचा चेहरा उजळला. "या या, सत्तारभाई! प्राजक्ता, सत्तारभाई आले वं, चहा ठेव."

खाटेवर बसून सत्तारभाईंनी निरोप सांगितला. किशोर चिडला नाही. तो बराच वेळ मोज्याची बोटं एकेक करून ओढत बसला.

"खरं सांगू? दुसऱ्या कोनी म्हनलं असतं तं उठवून लावलं असतं," तो म्हणाला. "पन भागून नाई राहिलं, सत्तारभाई. एक जन वर्गनी भरते अन् सारी गल्ली आयकते. लोकायले वाटते, सांगन्याले काय लागते? अन् हे सारं मले विकत आना लागते. प्राजक्ता म्हनते बंद करा, कुठी तरी नोकरी पाहा."

"मंग?"

"या निळ्याच्या बॉडीले पानी लागलं की हाताले झिनझिन करंट मारते. सारेच नाई करत. एखादा करते. म्या दोन आनले, एक बरा निघाला, एक नाई." त्याने वर पाहिलं. "तुमीच सांगा. तुमी मोठे आहा. घेऊ का थे पैसे?"

पडवीत कूलरांची घरघर होती. आत कपबशा वाजत होत्या. त्या क्षणी सत्तारभाईंना एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. किशोरला आपला सल्ला हवा होता. अख्खा मुलूख ज्याला विचारतो, तो आपल्याला विचारत होता. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, काळी आणि गोड. याने एकदा घेतलं की हा आपल्यासारखाच. मग गजालाला सांगता येईल, पाहा, तुझा किशोरकाका.

"घे," सत्तारभाई म्हणाले. "लोक कोनाचेच नसतात, किशोर. आपल्या घराचं पाह्य."

"तुमचा शब्द म्हनून घेतो मंग," किशोर म्हणाला. चहा आला तेव्हा त्याने आपला कप हातात धरून ठेवला. शेवटपर्यंत प्यायला नाही.

निळा कूलर बरा आहे, एवढंच किशोर त्याच्या ग्रूपमध्ये बोलला. फार वर्णन नाही, काही नाही. "घ्यायले हरकत नाई." पण तेवढ्याने गोदाम मोकळं व्हायला लागलं. दुर्गाबाई पातूरहून छोट्या टेम्पोसह परत आल्या आणि दोन उचलून घेऊन गेल्या. देवरावांनी सगळ्यांना लस्सी पाजली. सत्तारभाई गिऱ्हाइकांना किशोरचा आवाज ऐकू देत, मध्ये बोलत नसत. किशोरच्या आवाजात कुठे तरी थुंकी गिळल्यासारखं होतं, ते फक्त त्यांनाच ऐकू यायचं आणि ते त्यांना बरं वाटायचं.

मग एका सकाळी गजालाचा फोन आला.

"अब्बा, साजिदनं कूलर आनला. निळा. किशोरकाकानं सांगतला होता ना, थोच. इथीच घेतला अमरावतीत. शाकीब तं त्याच्यासमोरून हालतच नाई, जाळीत बोटं घालून पाहते."

साजिद तिचा नवरा, आणि शाकीब तिचा लेक, नुकता पावलं टाकायला लागलेला.

सत्तारभाई दुकानाच्या पायरीवर होते. ते तिथेच खाली बसले. "बंद कर थो. प्लग काढ. आता काढ."

"काहून?"

"करंट मारते थो. एखादा मारते."

"किशोरकाकानं तं हरकत नाई म्हनलं."

"त्यानं चुकीचं सांगतलं."

गजाला हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, राग नका मानू. अम्मी सांगत होती मले. तुमी जळता त्याच्यावर."

त्यांनी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. जितकं ओरडावं, तितकं ते जळणाऱ्या माणसाचं बोलणं वाटत होतं, हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. आयुष्यभर ज्या आवाजाने लोकांना पटवलं, तो आवाज एकुलत्या एका पोरीला पटत नव्हता. त्यांनी साजिदला फोन लावला. तो कामावर होता, उचलला नाही. देवरावांना न सांगता सत्तारभाई स्टँडवर गेले आणि अमरावतीची एसटी पकडली.

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. खिडकीतून झळा आत येत होत्या. दुपट्टा बांधायची शुद्ध त्यांना नव्हती. शाकीबची बोटं, एवढंच डोळ्यासमोर.

गजालाने दार उघडलं ते घाबरूनच. "अब्बा? असे एकदम?" आत कूलर चालू होता. खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि शाकीब त्यापासून हातभर अंतरावर चटईवर झोपला होता. सत्तारभाईंनी चपलाही काढल्या नाहीत. भिंतीजवळून जाऊन त्यांनी प्लग खेचला. पंखा गरगरत थांबला, आणि घरात उकाडा शिरला.

"तुमाले एवढं काय झालं त्याचं?" गजालाचे डोळे भरले होते. "दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहवतच नाई का तुमाले?"

"नाई पाहवत," सत्तारभाई म्हणाले.

गजालाने ओढणीने डोळे पुसले.

"किशोर नाई म्हननार होता, बेटा. त्यानं मले इचारलं, घेऊ का. म्याच म्हनलं, घे. करंट मारते थे त्यानं मले सांगतलं, तरी बी म्हनलं घे. तू त्याचं आयकते, माझं नाई, म्हनून." त्यांनी भिंतीला हात टेकला. "आता तरी खरं वाटते का?"

गजालाने शाकीबला उचलून छातीशी घेतलं. आणि ती कूलरपासून दूर सरकली.

तिच्यासमोरच त्यांनी किशोरला फोन लावला. म्हणाले, थे मागं घे. किशोरने विचारलं, काहून? तेव्हा तेच सगळं त्यालाही सांगितलं, जळण्यासकट. किशोर ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "म्या तं तुमाले मोठ्या भावासारखं इचारलं होतं," आणि फोन कापला.

जरा वेळाने गजालाचा मोबाइल वाजला. तिने आवाज चालू केला. "निळा कूलर घेऊ नका. करंटचा धोका आहे. म्या कंपनीचे पैसे खाऊन चांगला म्हनलं, चूक माझी आहे. घेतला असन तं पयले प्लग काढा, मंग बाकी." खोकला, आणि संपलं. सत्तारभाईंचं नाव कुठे नव्हतं.

उन्हाने डोकं फिरावं तसं सत्तारभाईंना झालं. आपल्याला एका पोरीला खरं सांगायला एवढा रस्ता तुडवावा लागला. हा बसल्या जागी सगळ्या मुलखाला सांगून मोकळा झाला. एवढं होऊनही तो काटा आत होताच. त्यांचा स्वतःचा मोबाइल खाटेवर थरथरत होता. देवराव. पुन्हा देवराव. त्यांनी तो उचलला नाही.

शाकीब घामाने उठून रडायला लागला. गजालाने त्याला थोपटत विचारलं, "मंग आता कोनता घेऊ, अब्बा? तुमीच सांगा."

सत्तारभाईंनी तोंड उघडलं. जिभेवर सगळी नावं होती, सगळ्यांची तारीफ पाठ होती. कोणती मोटर, कोणती जाळी, कोणता पंप. त्यातलं काय कंपनीवाल्याने शिकवलेलं आणि काय आपण पाहिलेलं, हे त्यांना वेगळं करता येईना. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही कूलर घरी नेऊन, हात घालून, पाहिला नव्हता.

"मले नाई माहीत, बेटा," ते म्हणाले.

असं वाक्य गजालाने बापाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने मान हलवली आणि आतून जुनी जाड चादर आणून दिली. सत्तारभाईंनी ती खिडकीच्या गजांना बांधली, बादली भरून घेतली आणि मगाने पाणी शिंपडायला सुरुवात केली. वारा ओल्या कापडातून आत येत होता, थोडा थोडा. शाकीब आईच्या मांडीवर शांत झाला. दुपारच्या त्या झळांत चादर लवकर वाळत होती. गजालाने खुर्ची पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. उभ्यानेच बादलीत मग बुडवून चादरीवर पाणी मारत राहिले.