चांद्याची झूल

मित्रांनो, माझ्या अंगावर हळदीचा एक फिकट डाग आहे. तो मला पुसू द्यावासा वाटत नाही. मी एक जुना कॉम्प्रेसर आहे.

पांढुर्ण्यात हेमराजच्या फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानात मी घडलो. त्याची मुलगी प्रणाली शिकून आलेली. तिला बर्फाहून कितीतरी थंड राहील अशी लहान पेटी करायची होती. तयार कॉम्प्रेसर महाग, बिघडला तर दूर पाठवा. म्हणून तिने जुन्या फ्रीजमधून मला काढलं. वायू दाबून पेटीकडे पाठवायचा, हे माझं काम. तिथे पसरला की तो गार होतो आणि माझ्याकडे परत येतो. सुरुवातीला माझंच तेल वायूबरोबर गेलं आणि बारीक नळीत गोठून बसलं. हेमराज म्हणाला, "याले सोताचंच तूप पचून नाही राहिलं." प्रणालीने तेल अडवायला कोळशाची गाळणी लावली, तेव्हा कुठे मी नीट चालू लागलो.

मग मला लोधीखेड्यात तिच्या मावशीकडे, केसरबाईकडे ठेवलं. मावशीचा गवळाऊ जातीचा बैल चांद्या म्हातारपणी गेला होता. तो असतानाच घेतलेलं त्याचं बीज बारीक नळ्यांत, म्हणजे कांड्यांत, भरून माझ्या पेटीत जपलेलं. हिवाळ्यात गाय त्यातून गाभण राहावी, एवढीच तिची आस. तुळशीला पाणी घातलं की ती मलाही हात जोडायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. तिच्या गोठ्यात बैल नव्हता. तिने माझ्याच अंगाला हळद-तूप लावलं आणि हळूच जेवणाचं आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या सकाळी तिने चांद्याची झूल मला पांघरली. मला गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळी झाकली गेली. मी तापत गेलो आणि दुपारी बंद पडलो. माझी घरघर थांबलेली ऐकून मावशी शेजारणीला सांगत होती, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, याचीही आज सुट्टी. मग तिने माझ्यापुढे पुरणपोळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, दगडफेकीची जत्रा; रस्ते बंद. प्रणाली तिथेच अडकली. ती आली तेव्हा पेटी कोमट झाली होती, चांद्याचं बीज वाया गेलं होतं.

"म्याच मारलं व माय चांद्याले. दुसऱ्यांदा गेला तो," मावशी म्हणाली.

"नाही मावशी. तापला तर वाजन अशी घंटी लावाले पाहिजे होती. स्वस्तात करून राहिली होती ना, मीच नाही लावली."

दोघी दोष आपल्याकडे ओढून घेत होत्या. आणि थांबलो तर मी होतो. पण ज्याला घंटीच नाही, त्याने काय बोलावं?

प्रायश्चित्त म्हणून मावशीने तेव्हापासून तूप सोडलं आहे. माझ्यापायी कुणी तूप सोडावं, असं मी काय केलं?

आता मला घंटी आहे. पेटीत दुसऱ्या गवळाऊ बैलांच्या कांड्या आहेत, चांद्याची एकही नाही. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मावशी झूल घडी करून मांडीवर घेऊन बसली. आधी तिने जाळीपुढे तळहात धरला. वारा लागला, तेव्हाच आवतन दिलं.

मित्रांनो, जीव जरूर लावा. फक्त ज्याला लावता, तो श्वास कुठून घेतो, तेवढं आधी हात पुढे धरून बघा.