आंबुशीची खूण

अर्धांगाच्या झटक्यातून रामू उठला, हिंडूफिरू लागला. पण बोलणं गेलं ते गेलंच, आणि वाचताही येईना. रोजचा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. मुलाने, कल्पेशने, त्याच्या टॉवेलवर, पेल्यावर 'बाबा' लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रामू त्यांच्याकडे नुसता बघत राही आणि हाताला येईल तो टॉवेल उचली. एकदा सुनेचाच उचलला. दिपिकाने दुसरा घेतला, पण रामूची मान खाली गेली. त्याच्या बायकोला, कमळीला, ते सोसवेना.

रविवारी दुपारी कमळीची भाची तेजस्वी पापडी गावातल्या त्यांच्या वाडीत आली. ती जपानी शिकत होती. तिने मोबाइलवर एक निशाण दाखवलं. लालभडक कापड, मधोमध सोनेरी शेवंती.

"जपानच्या सम्राटाचं, आत्या. सोळा पाकळ्या आहेत, मोज."

कमळीने बोट फिरवत मोजल्या. "आन घरातल्या बाकीच्यांना काय?"

"शेवंती सगळ्या घराण्याची. पण प्रत्येकाची वेगळी खूणही असते, एखादं झाड नाहीतर फूल. वस्तूंवर नाव नाही घालत, ती खूण काढतात."

"नावच नाय?"

"नाहीच."

तेजस्वी गेल्यावर कमळी ओटीवर कलंडली. डोळा लागला तर समोर लांबलचक ओसरी, दोरीवर पांढरे टॉवेल हलताहेत, प्रत्येकावर एक फूल. माणसं येतात, काही न वाचता आपापला टॉवेल घेतात, पाण्यासारखी पुढे सरकतात. जाग आली तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

तिने सुईदोरा काढला. सारा जन्म मोगरा पिकवलेल्या माणसाला दुसरी कुठली खूण देणार? दोन दिवस खपून तिने टॉवेलवर मोगऱ्याची कळी भरली. रामूने कळीवरून हात फिरवला आणि टॉवेल बाजूला ठेवला.

कमळी हिरमुसली. मग तिला वाटलं, ठरवणारी मी कोन? तिने त्याचा हात धरला. "चला वाडीत, तुमची खूण तुमीच सांगा."

मोगऱ्याच्या ओळीतून जाताना रामू थांबला नाही. जास्वंद गेली, केळी गेल्या. पाण्याने भरलेल्या बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या काठी तो खाली बसला. मोगऱ्याच्या वाफ्यातून आयुष्यभर उपटून फेकलेली आंबुशी तिथे माजली होती. त्याने तिची तीन पाकळ्यांची पानं खुडून तोंडात टाकली. आंबट चवीने डोळे मिटले, गाल आत गेले. पाण्यावरचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत राहिला.

"ह्ये? ह्ये गवत?" कमळीला हसू फुटलं.

रामू उठला. तिच्याकडे बघत त्याने पलीकडच्या केवड्याच्या बेटाकडे बोट केलं आणि तिच्या छातीवर हळूच टेकवलं.

"मी केवडा? एवढी काट्यांची?"

तो मान हलवत हसला. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

त्या आठवड्यात रामूच्या टॉवेलवर हिरवी आंबुशी उमटली, कमळीच्या टॉवेलवर पिवळा केवडा. रामू सकाळी स्वतःच आपला टॉवेल घेऊन न्हाणीत गेला. दिपिका दोन्ही टॉवेल निरखत म्हणाली, "आई, मला पण पाहिजे. जास्वंद."

"जास्वंद माझी," कल्पेश आतून ओरडला.

रामूने दोघांना हाताने गप्प केलं, चपला घातल्या, आणि दिपिकाला मागे यायचा इशारा करून तिची खूण शोधायला वाडीत उतरला.